हात लावलेला कळतो, पण गाल हलत नाही, असं कसं?

प्रश्न थोडक्यात असा. माजलगावकडचे एक दादा विचारतात, वडील 61 वर्षांचे, शुगर आहे, काल सकाळी चूळ भरताना पाणी उजव्या बाजूनं गळालं, आरशात बघितलं तर तोंड डावीकडं ओढलेलं, उजवा डोळा मिटंना. हातापायाला काही नाही, बोलणं समजतंय. डॉक्टरांनी तपासून चेहऱ्याची नस सुजलीय म्हणून सांगितलं, स्टिरॉइडच्या गोळ्या लिहून दिल्या, पण शुगर वाढंल म्हणून घरच्यांनी अजून चालूच केल्या नाहीत. गल्लीतले म्हणायलेत वारं गेलंय, रक्त पोचंना झालंय, तेल लावून चोळा. आणि दादांचा खरा प्रश्न: "गालाला चिमटा काढला तर वडिलांना सगळं कळतंय, मग नस गेली असं कसं म्हणायचं? आणि एकाच नसेनं डोळा, तोंड, जिभेची चव एवढं सगळं कसं काय बिघडतं?"

आधी कामाचं बोलतो. त्या गोळ्या आजच चालू करा. पहिल्या 72 तासांत चालू झाल्या तर त्यांचा खरा फायदा, तुमचा दीड दिवस आधीच गेलाय. शुगर वाढणार हे खरंय, पण ती मोजता येते आणि औषधानं खाली आणता येते, त्यासाठी ज्यांनी गोळ्या लिहिल्यात त्यांनाच फोन करून विचारा की शुगरचं औषध किती वाढवू. बंद ठेवणं हा मार्ग नाही. आता बाकीचं निवांत वाचा.

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर, अंबाजोगाईला शिकलो, 20 पेक्षा जास्त वर्षं झाली लातूरकडं प्रॅक्टिस करतोय. ही नस कानाच्या हाडातून जाते म्हणून असे पेशंट आमच्याकडं येतात, थंडीत तर आठवड्याला एखादा असतोच.

पहिली भानगड शब्दाची आहे. आपल्याकडं नस म्हणलं की त्यात सगळंच येतंय. सलाईन लावतात ती पण नस, मान आखडली तर नसेवर नस चढली, आणि लकवा मारला तरी नस गेली. चेहऱ्यात मात्र तीन वेगळ्या गोष्टी आहेत, मेंदूचा निरोप नेणारी वायर म्हणजे मज्जातंतू, हृदयाकडून रक्त आणणारी धमनी आणि रक्त परत नेणारी शीर. मी खाली नस म्हणलं की फक्त मज्जातंतू समजा, नाहीतर गल्लीतले म्हणतात तसं रक्ताचं आणि वायरीचं एकच गाठोडं होऊन बसतं.

आता चिमट्याचं. चेहऱ्याला कळणं आणि चेहरा हलणं ही दोन निरनिराळ्या नसांची कामं आहेत. मेंदूतून निघणाऱ्या नसांना नंबर दिलेले आहेत, त्यातलं कळायचं काम पाचव्या नसेचं, तिला ट्रायजेमिनल म्हणतात, तीन फांद्या असलेली. वरची फांदी कपाळ आणि डोळा, मधली गाल, नाकाची बाजू आणि वरचा ओठ, खालची हनुवटी आणि खालचा जबडा. तिन्ही फांद्या हाडातल्या बारीक भोकांतून चेहऱ्यावर येतात, आणि गंमत अशी की सरळ समोर बघत असताना बाहुलीतून खाली उभी रेघ मारली तर भुवईवरचं, डोळ्याखालचं आणि हनुवटीवरचं अशी तिन्ही भोकं जवळजवळ त्याच रेघेवर सापडतात. दाताचा डॉक्टर इंजेक्शन देऊन ओठ बधिर करतो ते याच नसेच्या फांदीला. तेव्हा ओठ जाड झाल्यासारखा वाटतो पण हसता येतं. तुमच्या वडिलांचं नेमकं उलटं झालंय, त्यांना कळतंय पण हसता येत नाही, कारण हलवायचं काम सातव्या नसेकडं आहे. तिचं नाव फेशियल नर्व्ह. पाचवी धडधाकट, सातवी सुजलेली. म्हणून चिमटा कळला याचा अर्थ नस ठीक आहे असा होत नाही, तुम्ही दुसऱ्याच वायरीची तपासणी केली.

याच्यातच एक बारकावा आहे, तो घरी जेवताना दिसंल. वडील भाकरी चावू शकतात का बघा, चावतील. कारण चावायचे स्नायू, दात आवळले की जबड्याच्या कोपऱ्याजवळ टणक लागतो तो मॅसेटर आणि कानशिलावर हलतो तो टेम्पोरॅलिस, हे पाचव्या नसेवर चालतात. पण घास गालफडात जाऊन बसंल आणि बोटानं काढावा लागंल. गालाच्या आत बक्सिनेटर नावाचा एक चपटा स्नायू आहे, सनई वाजवणाऱ्याचे गाल फुगतात आणि आवळतात ना, तो हवा बाहेर ढकलणारा हाच. जेवताना त्याचं काम म्हणजे गालाकडं गेलेला घास परत दातांखाली सारणं, उखळाबाहेर उडालेलं बाई हातानं आत लोटते तसं. तो सातव्या नसेवर आहे, त्यामुळं दळायला जातं चालू पण वैरायला माणूस नाही अशी गत होते.

चेहऱ्याचे स्नायू मुळातच विचित्र आहेत. हातापायाचा स्नायू एका हाडावरून निघतो आणि दुसऱ्या हाडाला धरतो, मधी सांधा असतो, सांधा हलतो. चेहऱ्यावरचे बहुतेक स्नायू हाडावरून निघतात आणि थेट कातड्याला चिकटतात, काहींचा तर हाडाशी संबंधच नसतो. म्हणून ओढलं की कातडं हलतं, सुरकुती पडते, खळी पडते. कपाळावर फ्रॉन्टॅलिस, तो भुवया उचलतो. डोळ्याभोवती ऑर्बिक्युलॅरिस ऑक्युली, पिशवीच्या नाडीसारखा गोल, तो डोळा मिटतो. तोंडाभोवती तसाच दुसरा गोल स्नायू. गालाच्या हाडावरून तोंडाच्या कोपऱ्याकडं तिरका उतरतो तो झायगोमॅटिकस, हसताना कोपरा वर नेणारा. मानेवर प्लॅटिस्मा, दाढी करताना मान ताणतो तेव्हा उभ्या दोऱ्या दिसतात तो. अजून बरेच आहेत, सगळ्यांची नावं घेत नाही. तोंडाच्या कोपऱ्याच्या जरासं बाहेर, साधारण एक सेंटिमीटरवर, यातले कितीतरी स्नायू एकमेकांत गुंफून एक गाठ झालेली असते, एक बोट तोंडात आणि एक बाहेर ठेवून दाबलं तर लागते. दोन्ही बाजूंच्या या गाठी एकमेकींना सारख्या ओढून धरतात, रस्सीखेच असते तशी. एका बाजूच्या गड्यांनी दोर सोडला की दोर दुसरीकडं पळतो. म्हणून तोंड डावीकडं ओढलं गेलं म्हणजे आजारी बाजू उजवी. घरचे पुष्कळदा उलटं समजतात, ओढलेल्या बाजूलाच लकवा आहे म्हणून तिकडंच चोळत बसतात. मागं एक आजोबा आलते, चांगल्या गालावर बिब्याचे चटके घेऊन!

डोळ्याचंही असंच आहे. मिटणारा स्नायू सातव्या नसेवर, पण पापणी उचलणारा तिसऱ्या नसेवर. त्यामुळं वडिलांचा डोळा उघडाच राहतो, मिटत नाही. कुणाची पापणी खाली पडली असेल, डोळा उघडंना झाला असेल तर तो हा आजारच नाही, त्याचा तपास वेगळा. वडील डोळा मिटायचा प्रयत्न करतात तेव्हा बुबुळ वर जाऊन नुसतं पांढरं दिसतं, ते बघून बाया घाबरतात. घाबरायचं कारण नाही, आपले सगळ्यांचेच डोळे मिटताना बहुतेक वर जातात, आपल्या पापण्या मिटलेल्या असतात म्हणून दिसत नाही एवढंच.

आता एकाच नसेनं इतकं सगळं कसं, ते. ही नस मेंदूच्या देठापासून निघते आणि कानाच्या मागच्या हाडात एका बोगद्यात शिरते. साधारण 3 सेंटिमीटरचा बोगदा, मेंदूतून निघणाऱ्या दुसऱ्या कुठल्याच नसेला हाडातून एवढा लांब प्रवास नाही. 16व्या शतकात इटलीतल्या गॅब्रिएल फॅलोपिओनं तो वर्णन केला म्हणून फॅलोपियन कॅनॉल. बोगदा सरळ नाही, दोन वळणं आहेत, आणि वाटेत नसेला लहान लहान फाटे फुटतात. पहिला फाटा डोळ्यातल्या पाण्याच्या ग्रंथीकडं. दुसरा कानातल्या स्टेपिडियस स्नायूला, अंगातला सगळ्यात लहान सांगाड्याचा स्नायू हा, मोठ्या आवाजाला कानाची साखळी आवरून धरतो, तो ढिला पडला की भांडं पडलेलं पण त्या कानाला फटाक्यासारखं वाटतं. तिसरा फाटा जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाच्या चवीचा, आणि हा कानाच्या पडद्याच्या आतून, हातोडी आणि ऐरण या दोन हाडांच्या मधून जातो. पडद्याचं ऑपरेशन करताना मायक्रोस्कोपमधी तो दोऱ्यासारखा आडवा दिसतो, आम्ही जपून बाजूला सारतो, तरी काहींना पुढं महिना दोन महिने जिभेवर तांब्याच्या पैशासारखी चव राहते. म्हणजे सूज बोगद्यात वरच्या अंगाला असली की डोळा कोरडा, आवाज मोठा, चव गेलेली आणि तोंड वाकडं, सगळं एकदम. खाली असली की नुसतं तोंड वाकडं. पाटाचं पाणी वर फुटलं तर खालची सगळी वावरं कोरडी, शेवटच्या चारीला फुटलं तर एकच वावर, इतकं सोपंय.

कानाच्या पाळीच्या मागून नस बाहेर पडते आणि पुढं वळून पॅरोटिड ग्रंथीत शिरते. गालफुगीत फुगते ती ही लाळेची ग्रंथी. ग्रंथीच्या आतच नसेच्या पाच फांद्या होतात, कपाळाकडं, डोळा-गालाच्या हाडाकडं, गालाकडं, खालच्या जबड्याच्या काठानं आणि मानेकडं. तळहात गालावर ठेवून पाची बोटं पसरली की नकाशा तयार, आम्ही विद्यार्थ्यांना असाच शिकवतो. मजा म्हणजे ज्या ग्रंथीतून ती जाते त्या ग्रंथीला ही नस काहीच देत नाही, नुसती वाटसरू. ग्रंथीची गाठ काढताना आमचा निम्मा जीव या पाच दोऱ्यांत असतो.

लकवा म्हणजे मेंदूचा झटका आहे का हे कसं ओळखायचं, तर कपाळ बघा. वडिलांना म्हणा वर आढ्याकडं बघा. उजव्या कपाळावर आठ्या पडत नसतील तर बिघाड बहुधा नसेत, मेंदूत नाही. कारण कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही अर्ध्या भागांतून हुकूम येतो, एकीकडचा गेला तरी दुसरा चालवून नेतो. तोंडाच्या भागाला मुख्यतः विरुद्ध बाजूच्या मेंदूचाच हुकूम. म्हणून झटक्यात तोंड वाकडं होतं पण कपाळ चांगलं राहतं. कपाळ चांगलं दिसलं म्हणून लोक खूश होतात, आणि खरी काळजी तिथंच असते. आठ्या नीट पडतायत, सोबत बोलणं जड झालंय, हात उचलंना झालाय, तर एक मिनिट न थांबता सीटी स्कॅन असलेलं मोठं हॉस्पिटल गाठायचं, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. ही परीक्षा शंभर टक्के नाही, मेंदूच्या देठातच बिघाड असला तर फसवते, त्यामुळं डॉक्टरांनी बघितलेलंच बरं.

आता रक्ताचं, कारण तेल रक्तासाठी चाललंय म्हणता. चेहऱ्याइतकं रक्त अंगावर फार थोड्या जागी मिळतं. आत्ता करून बघा: दात आवळा, जबड्यावर मॅसेटर टणक लागंल, त्याच्या पुढच्या काठाशी जबड्याच्या खालच्या कडेवर बोट ठेवा, नाडी लागंल. ती फेशियल धमनी. मानेतल्या मोठ्या धमनीतून निघून ती जबड्याच्या काठावरून वळसा घेते आणि तोंडाच्या कोपऱ्याजवळून, नाकाच्या बाजूनं डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापर्यंत जाते. सरळ जात नाही, नागमोडी जाते, आणि असायलाच पाहिजे, कारण जांभई देताना, हसताना गाल केवढा ताणतो, सरळ नळी असती तर तुटली असती. दुसरी नाडी कानाच्या अगदी पुढं लागते, ती कानशिलावर आणि डोक्याच्या कातड्याला रक्त देते. डावी उजवीकडच्या धमन्या ओठात एकमेकींना मिळतात. म्हणून ओठ फाटला तर दोन्ही काठांतून रक्त उडतं, एकच बाजू दाबून थांबत नाही, ओठ दोन्हीकडून चिमटीत धरायचा. रक्त एवढं म्हणूनच चेहऱ्याच्या जखमा लवकर भरतात, पायाचे टाके दोन आठवडे ठेवतात तिथं चेहऱ्याचे पाचव्या दिवशी काढता येतात.

ऊसतोडीच्या हंगामातली एक केस सांगतो, कारण ही सगळी मंडळी एका गालात किती दाटीनं राहतात ते त्यातून कळतं. एका गड्याच्या गालावर कोयता लागला, कुठंतरी वरवर टाके घालून मोकळं केलेलं, आठ दिवसांनी आला तो म्हणला, "सायब, भाकर खायला लागलो की गालावून पाणी गळायलंय." ते पाणी नव्हतं, लाळ होती. पॅरोटिडची लाळ तोंडात आणणारी नळी, 5 सेंटिमीटरच्या आसपास, मॅसेटरवरून आडवी जाते आणि वरच्या दुसऱ्या मोठ्या दाढेसमोर गालाच्या आत उघडते, जीभ तिकडं नेली तर बारीक फोडासारखं लागतं. ती कापलेली होती, आणि बाजूनं जाणारी नसेची गालाची फांदीही. हे पहिल्याच दिवशी बघितलं असतं तर सोपं होतं, कारण तुटलेल्या नसेचं पुढचं टोक पहिले तीन दिवस करंटला हलून दाखवतं, सापडतं, नंतर गप होतं. कानाच्या पुढच्या बोंडीपासून वरच्या ओठाच्या मध्याकडं एक रेघ धरा, नळी साधारण त्या रेघेच्या मधल्या भागात. या रेघेवर खोल जखम असंल तर टाके घालायच्या आधी ओठ मुरडायला लावा, डोळा गच्च मिटायला लावा. बधिर केल्यावर हे विचारून काही उपयोग नाही.

शिरांबद्दल एकच. नाकाच्या वरच्या टोकापासून तोंडाच्या दोन कोपऱ्यांपर्यंतचा त्रिकोण, तिथली पुळी फोडायची नाही. इथल्या शिरांतलं रक्त डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून मागं, मेंदूच्या तळाशी असलेल्या शिरांच्या डबक्यापर्यंतही जाऊ शकतं, आणि पू तिकडं गेला तर जिवावर बेततं. अँटिबायोटिक आल्यापासून क्वचितच, पण होतं.

तर गालात रक्त भरपूर आहे, तेलानं त्यात भर पडत नाही. पण गल्लीतले अगदीच चूक नाहीत हं, रक्ताची अडचण आहेच, फक्त गालात नाही, हाडात. त्या बोगद्याचं तोंड सगळ्यात अरुंद, एक मिलिमीटरपेक्षाही कमी. बऱ्याच केसमधी तोंडावर जर येतो, म्हणजे ओठाशी पाण्याचे बारीक फोड येतात, त्याच जातीचा विषाणू नसेत वर्षानुवर्षं झोपलेला असतो, तो जागा होतो आणि नस सुजते असं मानतात. सूज आली तर हाड काही फुगत नाही, मग नस स्वतःच्याच सुजेनं दाबली जाते आणि तिला रक्त देणाऱ्या केसासारख्या नळ्याही दाबल्या जातात. बोट घट्ट अंगठीत सुजावं तसं. तिथवर तेल पोचत नाही, स्टिरॉइड पोचतं आणि सूज उतरवतं. याला बेल्स पाल्सी म्हणतात, 1821 मधी चार्ल्स बेल या स्कॉटलंडच्या सर्जननं ही नस वेगळी करून दाखवली त्याच्या नावावरून. शुगर असलेल्यांत आणि गरोदर बायांत हे जास्त दिसतं. वाऱ्याचं म्हणाल तर थंडीत मोटरसायकलवर कान न बांधता येणारे पेशंट मलाही दिसतात, पण वारं हाडात शिरत नाही.

2007 मधी स्कॉटलंडमधल्या मोठ्या चाचणीचे निकाल आले, पाचशेच्या आसपास पेशंट, स्टिरॉइड घेतलेल्यांतले 94 टक्के 9 महिन्यांत पूर्ण बरे, न घेतलेल्यांतले 82 टक्के. म्हणजे गोळीशिवायही बरेच जण बरे होतातच, म्हणूनच प्रत्येक गावात एक बाबा, एक पाला आणि एक पट्टी यशस्वी आहे. मधले 12 जण मात्र पट्टीनं बरे होत नाहीत.

आणि ते 12 जण असे तसे राहत नाहीत. नस नुसती दबली असंल तर तीन आठवड्यांत हालचाल यायला लागते. आतले धागे तुटले असतील तर ते नव्यानं वाढतात, दिवसाला साधारण एक मिलिमीटर, त्यात महिने जातात, आणि वाढताना वाट चुकतात. तोंडाचा धागा डोळ्याकडं जातो, मग हसलं की डोळा मिटतो. लाळेचा धागा डोळ्याच्या ग्रंथीकडं गेला तर जेवताना डोळ्यातून पाणी. एका मावशीला सून म्हणायची, माझ्या हातचं खाताना रडतात! म्हणून जोर लावून तोंड वेडंवाकडं करायचा व्यायाम आणि करंटचं मशीन माझ्या मते नकोच. आरशासमोर हळूहळू, एकेक हालचाल, आणि तीही हालचाल परत यायला लागल्यावर.

कान मात्र बघून घ्या, टॉर्च लावून, मागून पण. पाळीवर, कानाच्या तोंडाशी पाण्याचे बारीक फोड असतील आणि ठणका असंल तर तो नागिणीचा विषाणू, त्याला वेगळी गोळी लागते. मी शिकत होतो तेव्हा एकदा तोंड बघितलं, कपाळ बघितलं, रुमाल बांधलेला कान सोडायला सांगितलाच नाही, दुसऱ्या दिवशी सरांनी सोडला आणि आत फोडच फोड. तो रुमाल अजून आठवतो. तसंच कान वर्षानुवर्षं वाहत असंल आणि तोंड वाकडं झालं तर ते बेल्स नाही, हाड सडत असू शकतं, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडं. गालावर सुन्न चट्टा असंल तर कुष्ठरोग बघावा लागतो. आणि वाकडेपणा एका रात्रीत न येता महिनाभर हळूहळू वाढत आला असंल तर गाठ शोधायची.

वडिलांच्या डोळ्याची काळजी आजपासूनच. नस चार महिन्यांनी येईल, पण धुळीनं बुबुळावर जखम होऊन पांढरा डाग पडला तर तो जाणार नाही. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब दर दोन तासांनी, बाहेर जाताना गॉगल, रात्री मलम घालून पापणी हातानं मिटवून वरून कागदी टेप, पट्टीखाली डोळा उघडा राहता कामा नये. डोळा लाल झाला, दुखायला लागला की लगेच दाखवा. आज एक व्हिडिओ काढून ठेवा, आठ्या, डोळे मिटणं, दात दाखवणं, गाल फुगवणं, मग दर आठवड्याला तसाच. तीन आठवड्यांनी पहिल्या व्हिडिओत आणि नव्यात काहीच फरक नसंल तर घेऊन या, कान आणि नस दोन्ही बघू.

आणि गोळी सकाळी काहीतरी खाऊन, उपाशीपोटी नको, आणि शुगर घरच्या मशीनवर जेवणाआधी आणि जेवणानंतर दोन तासांनी लिहून ठेवत जा.